जोडसायकलवरून विजापूर

सोलापूरहून विजापूरला जायला एसटी आहे, रेल्वे आहे, आणि चौपदरी रस्ता झाल्यापासून तर माणूस गोलघुमट बघून दिवेलागणीच्या आत घरी येतो. आम्ही जोडसायकलवरून गेलो. जायला एक दिवस, यायला एक दिवस आणि मध्ये एक दिवस गोलघुमटाच्या नावाखाली पाय चोळत बसायला. परत आल्यापासून मी दिसेल त्याला धरून सांगत सुटले आहे. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, लिहून काढ एकदाचं, म्हणजे आम्हाला रोज ऐकावं लागणार नाही." म्हणून हा उद्योग.

जोडसायकल ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. दोन सीटा, दोन हँडलं, पेडलांच्या दोन जोड्या, पण चाकं दोनच. पुढचा माणूस वळवतो, ब्रेक दाबतो, गिअर बदलतो. मागचा फक्त पेडल मारतो. त्याचं हँडल नुसतं धरायला असतं, ते कुठे वळत नाही. दोन्ही पेडलं एका साखळीने बांधलेली, त्यामुळे पुढच्याचा पाय खाली गेला की मागच्याचाही जातोच, आणि एकाने पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. संसारासारखंच आहे म्हणा, फक्त संसारात पुढे कोण बसलंय यावरून रोज वाद होतो.

आमची जोडसायकल शफीभाईंनी बनवलेली. शफीभाई म्हणजे ट्रकचं वायरिंग करणारे मिस्त्री, आमच्या रविवारच्या सायकल टोळीतले सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात खोडकर. एकदा ते आमच्या बँकेत पैसे भरायला आले आणि तिथे टेलिफोनवर बसणाऱ्या नरसय्याशी त्यांच्या गप्पा जमल्या. नरसय्या जन्मापासून आंधळा. विणकराच्या घरातला, म्हणून घरी तेलुगू, गावात मराठी आणि आजोळ अक्कलकोटकडचं असल्याने कानडीसुद्धा फाडफाड. तो बोलता बोलता म्हणाला, "मला सायकलची लई हौस हाय ओ, पन बसवणार कोन?" झालं. शफीभाईंनी दोन जुन्या सायकली कापल्या, वेल्डिंगने एकमेकींना जोडल्या, हिरवा रंग मारला आणि पुढच्याच रविवारी नरसय्याला मागे बसवून होटगीपर्यंत फिरवून आणलं. तेव्हापासून दोघांचा एक रविवार कधी चुकला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शफीभाई एकटेच, आपल्या साध्या सायकलवरून मंद्रूपच्या बाजूने परत येत होते. मागून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं आणि ती गाडी थांबलीही नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत शफीभाई गेले होते. आम्हाला एवढंच कळलं. यापेक्षा जास्त विचारायची कुणाची छातीच झाली नाही. आमच्या टोळीतला एकही जण नंतर त्या रस्त्याला सायकल घेऊन गेला नाही.

आणि नरसय्या तर कुठल्याच रस्त्याला गेला नाही. बँक आणि घर, घर आणि बँक. मी पुढे बसते म्हणाले, दुसऱ्यांनी सांगितलं, तो नुसती मान हलवून नाही म्हणायचा. या दिवाळीनंतर एक दिवस तो आपणहून माझ्या टेबलाशी आला. "अक्का, विजापूर करू एकदा. शफीभाईंचं ठरलेलं हुतं, ऱ्हाऊन गेलं. तेवढं करतो, मग बास. त्याच्यानंतर सायकलीचं नाव काढायचं न्हाय."

मी लगेच हो म्हणाले. मनात मात्र पक्कं केलं की याला असा फिरवून आणते, असा फिरवून आणते, की हा "बास" म्हणायचंच विसरला पाहिजे. शफीभाई गेले ते गेले, त्यांच्याबरोबर नरसय्याचे रविवारही जावेत हे मला सहन होत नव्हतं.

सायकल आणायला शफीभाईंच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, ती ओसरीत चादर घालून ठेवली होती. टायरमध्ये आता हवा कुठली असणार म्हणून मी पंप घेऊन गेले होते. बोटाने दाबून बघते तर टायर कडक!

"हवा मारके रक्खी मैं," भाभी म्हणाल्या. "हर जुम्मे को. खड़े-खड़े टायर खराब होते बोल के वो हमेशा चिल्लाते थे ना."

मी पंप पाठीमागे लपवला. नरसय्याने सीटवरून हात फिरवला.

सोलापूर ते भीमा

पुढे बसणं म्हणजे काय हे मला होम मैदानावर सराव करताना कळलं. एकटीच्या सायकलवर मी घाट चढलेली बाई, पण पहिल्याच वळणावर दोघं धाडकन आडवे. पुढच्या माणसाला नुसतं चालवून भागत नाही, सतत बोलावं लागतं. खड्डा आला की "खड्डा", गतिरोधक आला की "उचल", पाय थांबवायच्या आधी "थांबव", वळायच्या आधी "डावीकडे". तोंड बंद केलं की मागच्याला कळत नाही आपण कुठे चाललोय. माझ्या नवऱ्याला हे ऐकून फार आनंद झाला. "तुझ्यासाठीच बनवली आहे ही सायकल," म्हणाला.

निघालो ते उजाडता उजाडता. सोलापूरची हिवाळी थंडी म्हणजे सकाळी कानटोपी आणि दहा वाजता छत्री, त्यामुळे अंगावर दोन्हींची तयारी. विजापूर नाक्यावर भजी तळत होते, त्या वासाने नरसय्या म्हणाला, "अक्का, थांबवा!" मी जोरात ब्रेक दाबले. मला वाटलं साखळी निसटली. हा आपला म्हणतो, "एक प्लेट घिऊ की!" गावाच्या वेशीवर पहिली पोटपूजा. असा आमचा लांब पल्ल्याचा शिस्तशीर प्रवास सुरू झाला.

पण खरं सांगते, शहर मागे पडलं आणि सायकलने वेग घेतला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. जोडसायकल चढाला म्हशीसारखी चालते, पण सपाटीला आणि उताराला लागली की तिला धरवत नाही. दोन माणसांचं वजन आणि दोन माणसांचा जोर. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, कणसं नुकती भरायला लागलेली, रस्ता लोण्यासारखा, आणि मागून नरसय्या वेगाची वाहवा करतोय. "अजून! अक्का, अजून!" माझ्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येत होतं आणि तोंडाने बडबड चालली होती.

वडकबाळला सीना नदीचा पूल आला, तेव्हा त्याने मला शफीभाईंची गंमत सांगितली. शफीभाई खड्डे खरे सांगायचे, पण बाकी सगळ्या थापा. याच पुलावर एकदा त्यांनी नरसय्याला सांगितलं होतं, की खाली हत्ती आंघोळ करतोय आणि माहुताने त्याला आपला टॉवेल दिलाय. "मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं ओ," नरसय्या म्हणाला. "बायको, पोरं, शेजारी, समदे पोट धरून हसले. पुढच्या रविवारी मी भांडायला लागलो, तर म्हनले कसे, टॉवेलचं थोडं खोटं हुतं."

मी इतकी हसले की हँडल हललं. हसता हसताच पुढे आलो, आणि मंद्रूपच्या अलीकडे ती जागा दिसली.

जागा मला माहीत होती. पोलिसांनी सांगितलेल्या खुणा शफीभाईंच्या भावाकडून ऐकल्या होत्या. दुभाजकाच्या पलीकडे, सोलापूरकडे येणाऱ्या बाजूला, रस्त्याकाठी मोठं कडुनिंबाचं झाड आणि त्यामागे ज्वारीचं रान. मी ठरवलं होतं की नरसय्याला सांगायचं नाही. गुमान पुढे निघून जायचं. त्याला दिसत नाही, मी बोलले नाही तर त्याला कळणार कसं?

मी बोलले नाही. पेडल मारत राहिले. आणि मागून आवाज आला, "हितंच का, अक्का?"

"काय?"

"पाय अडखळला की तुमचा."

साखळीने बांधलेले पाय. मी तोंड बंद ठेवलं, पण पाय कसे बंद ठेवणार? मला तिथेच रडू फुटलं. सांगितलं, की हो, इथेच, पण पलीकडच्या बाजूला. थांबायचं का?

"आत्ता न्हाय," तो म्हणाला. "येताना." आणि त्याने असा जोर लावला की मला नुसते पाय फिरवत बसावं लागलं. तेरा मैल नावाचं गाव येईपर्यंत आम्ही दोघंही एक अक्षर बोललो नाही. एवढा वेळ मी गप्प राहिले याची घरी कुणालाच खात्री पटत नाही.

टाकळीच्या पुढे भीमा आली. थंडीतली शांत भीमा, काठाला उसाची हिरवी किनार. पुलावर सायकल उभी केली. नरसय्याचा चेहरा अजून उतरलेलाच होता. मला काहीतरी करणं भाग होतं. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "नरसय्या, नदीत उंट उभा आहे बरं का."

त्याने कान नदीकडे केला. "काय करायलाय?"

"पाणी पितोय."

"बास?" तो म्हणाला. "अक्का, शफीभाईंनी त्याला निदान चष्मा तरी घातला असता."

बँकेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला थाप कुठून सुचणार! पण तो हसला, आणि आम्ही नदी ओलांडून कर्नाटकात शिरलो.

कानडी मुलूख

पुलाच्या अलीकडे मी शहाणी आणि नरसय्या माझ्या भरवशावर. पुलाच्या पलीकडे पाट्या बदलल्या, आणि पारडंही उलटलं. मला कानडीत "बेकू" आणि "बेडा" एवढंच येतं, म्हणजे हवं आणि नको. झळकीच्या अलीकडे बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला तेव्हा पंक्चरवाल्याशी सगळं बोलणं नरसय्यानेच केलं. मी आपली बाजूला उभी राहून समजल्यासारखी मान हलवत होते.

सायकलीभोवती ही एवढी माणसं जमली. हिरवी, लांबलचक, दोन सीटांची सायकल म्हणजे त्यांना जत्राच. पुढे कोण बसतं, मागे कोण, बाई पुढे कशी, असे प्रश्न सुरू झाले. नरसय्याला दिसत नाही हे कळल्यावर एका म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं आणि सगळे हसले. नरसय्याने ताड्दिशी उत्तर दिलं आणि सगळे जास्तच हसले. मी विचारलं, काय चाललंय?

"म्हनला, दिसत न्हाय तर नेता कशाला ह्येला उगं ओझं?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं, बाईला दिसतंय पर दम न्हाय. मला दम हाय पर दिसत न्हाय. दोघांत मिळून एक मानूस हुतो."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण पंक्चरवाल्याने खुशीत येऊन चहा मागवला, आणि झळकीचा चहा एवढा गोड असतो की राग त्यात विरघळून जातो.

जेवण होर्तीला. एका घरगुती खाणावळीत बाईने ताटात ज्वारीची रोट्टी वाढली, पापडासारखी पातळ. आमच्या भाकरीची चुलतबहीण, पण जरा नाजूक. सोबत भरली वांगी, मटकी, कच्ची मेथी, दही आणि शेंगदाण्याची चटणी. ती चटणी चाखून मी म्हणाले, "ही तर आमची सोलापूरची." नरसय्याने भाषांतर केलं. बाईने कंबरेवर हात ठेवून जे काही सुनावलं त्याचं भाषांतर करायला तो तयार होईना. एवढंच म्हणाला, "अक्का, चटणी त्यांचीच हाय असं समजा. अजून दोन रोट्ट्या खायच्यात मला." सोलापूरची इभ्रत मी अशी रोट्टीपायी गहाण टाकली.

ऊन उतरल्यावर निघालो. विजापूरच्या जवळ जमीन हळूहळू चढत जाते, आणि मग दुरूनच गोलघुमट दिसतो. आधी वाटतं टेकडी असेल. मग वाटतं, टेकडी एवढी गोल कशी? मी नरसय्याला सांगत होते, आत्ता मुठीएवढा दिसतोय, आत्ता कळशीएवढा, आता रांजण झाला. त्याला तो खेळ भारी आवडला. प्रत्येक चढावर विचारायचा, "आता?" लॉजवर पोचलो तेव्हा मांड्या पेटल्या होत्या. तिथल्या माणसाने वहीत नाव लिहिताना आमच्याकडे संशयाने बघत नातं विचारलं. नरसय्या म्हणाला, "अक्का." हा शब्द कानडीतही चालतो, त्यामुळे त्याचा जीव भांड्यात पडला. दोन खोल्या मिळाल्या आणि मी बूट न काढताच झोपले.

विजापूर

दुसऱ्या दिवशी टांग्याने गोलघुमट. विजापुरात अजून टांगे आहेत, आणि सायकलने दुखलेल्या अंगाला टांग्यात जे हिसके बसतात त्याने दुखणं सगळीकडे सारखं वाटलं जातं. अंधारे, चिंचोळे, उंच उंच पायऱ्यांचे जिने चढून वर गेलो. सगळे सांगत होते, "आंधळ्या माणसाला तर खरी मजा! तिथला आवाज सात वेळा घुमतो." मलाही तसंच वाटत होतं. आतल्या सज्जात पाऊल टाकलं आणि तिथे सहलीची शाळा. सगळी पोरं एका वेळी ओरडत होती आणि घुमट इमानेइतबारे प्रत्येकाला उत्तर देत होता. नरसय्याने दोन्ही कानांत बोटं घातली.

"अक्का, देवानं डोळे दिलेत की ह्येन्ला," तो माझ्या कानाशी ओरडला, "मग बघत का न्हाईत गपचीप!"

आम्ही बाहेरच्या गच्चीवर पळालो. तिथे वारा होता. त्याला भिंतीची जाडी हाताने मोजायची होती, म्हणून एका कमानीत दोन्ही हात पसरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, परत गेला. खूश झाला. "एवढी जाड भिंत! मानसानं मरावं तर असं," म्हणाला, आणि आपल्याच बोलण्याने थबकला.

मग कठड्याला टेकून पहिल्यांदा शफीभाईंबद्दल नीट बोलला. म्हणाला, "अपघाताचं मला काय वाटत न्हाय, अक्का. म्हंजे वाटतं, पर त्यो रस्ता हाय, कुनाचंबी हुतं. मनाला एवढंच लागतं की शेवटी त्यांच्याजवळ कुनी न्हवतं. एवढा बोलका मानूस. कायतरी बोलले असतील की. कुनाशी बोलले?"

मी त्याचा हात हातात घेऊन उभी राहिले. खाली बागेत पोरं ओळीत उभी राहून डबे उघडत होती. गोलघुमट बघायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की शाळांच्या आधी जावं.

परत

परतताना वारा समोरून होता. जातानाची सगळी मिजास त्याने उतरवली. भीमेवर आलो तेव्हा मी आपणहून सांगितलं, की उंट आज नाही. "चष्मा आनाया गेला आसंल," नरसय्या म्हणाला. पण दोघांचंही मन त्यात नव्हतं. तेरा मैल गेलं, मंद्रूप गेलं. माझं सगळं लक्ष कडुनिंब कधी दिसतो याच्याकडे. मला आणखी एक भीती होती. विजापूर झालं होतं. त्याचं "बास" आता फार लांब नव्हतं, आणि एवढे दोन दिवस मी जीव टाकून मजा करवली तरी तो ते विसरल्याचं एकही चिन्ह दिसत नव्हतं.

झाड दिसलं. मी म्हणाले, "आली जागा. थांबतेय."

झाडाखाली काही नसेल असं मी धरून चालले होते. पण तिथे शेणीची आगटी पेटली होती, चटया टाकल्या होत्या, आणि एक पन्नाशीची बाई निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजत होती. रानाची मालकीण, रस्त्याने जाणाऱ्यांना हुरडा विकणारी. तिचं नाव मालनबाई हे नंतर कळलं. आम्हाला बघून ती उठली आणि सायकलीकडेच बघत राहिली. पुढची सीट, मागची सीट. मग नरसय्याकडे.

"ह्यास्नी दिसत न्हाई व्हय?"

मी मनातल्या मनात सुस्कारा टाकला. पुन्हा तेच प्रश्न. "नाही दिसत," म्हणाले.

"आन् ह्ये मागं बसत्यात?"

"हो, मागे."

"पयल्यापासनं? त्यो म्हातारा दाढीवाला मानूस हुता, त्येच्या मागं?"

नरसय्याच म्हणाला, "व्हय मावशी. शफीभाईंच्या मागं."

बाईच्या हातातलं कणीस खाली पडलं. ती रानाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, "अवो! अवो हिकडं या! सापडला! त्यो मागचा सापडला!"

तिचा नवरा पळत आला, शेजारच्या वस्तीवरची दोन-चार माणसं आली. सगळी एकदम बोलायला लागली. मालनबाईने सगळ्यांना गप्प केलं आणि नरसय्याला चटईवर बसवून सांगायला लागली. तिच्याच शब्दांत सांगते.

"आवाज झाला तशी आमी पळत आलो. मानूस पडलेला, पर शुद्धीवर हुता. मी त्येचं डोसकं मांडीवर घ्येतलं. आमचं मालक म्हनले पानी पाजू, तर त्यो मान हालवून नगं म्हनला. 'मागं बघा' म्हनला. 'मागच्याला बघा आदी. त्याला दिसत न्हाई. त्यो घाबरंल. त्याला आदी उचला.' एकसारखं त्येच. म्या म्हनलं, बाबा, बघतो, तू गप पड. तवा कुटं त्येनं डोळं मिटलं."

साध्या सायकलवर होते शफीभाई. मागे कुणी नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या रविवारांनी त्यांना एकच सवय लावली होती, मागच्याची काळजी. त्या क्षणी ते जोडसायकलवरच होते.

"मग?" नरसय्याने विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मग काय, त्येला गाडीत घालून दिलं आन् आमी हुडकाया लागलो. कॅरेजवर बसला आसंल, उडून रानात पडला आसंल. ज्वारी ही आशी डोक्याच्या वर. समदी वस्ती आली. हाताला हात धरून रान पालतं घातलं, उबं पीक आडवं झालं. हिरीत गळ टाकून बघितला. पोलीस म्हनले, एकच मानूस हुता बाई, त्या सायकलीला कॅरेजच न्हाई. म्या म्हनलं, मरताना मानूस खोटं बोलंल व्हय? गेल्या साली काडनीला विळा घालायच्या आदी म्या हातानं चाचपून बघायची. वाटायचं, हितंच कुटं आसंल तर?"

तिने नरसय्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो सांगत होता, "मावशी, मी घरीच हुतो ओ. त्या दिवशी मी न्हवतोच सायकलवर." पण ते तिच्या कानात शिरतच नव्हतं. "आसू दे, आसू दे. सापडला न्हवं!" तिने त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

पुढचा तास कसा गेला ते सांगणं कठीण आहे. नरसय्या रडत होता, मी रडत होते, आणि वस्तीवरची माणसं लग्नघरासारखी आनंदात होती. एकेक जण येऊन त्याला हात लावून जात होता. म्हाताऱ्या बायका येत होत्या. "ह्योच का त्यो?" "ह्योच." आगटीत नवीन कणसं पडली. मालनबाई गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, हिरवे कोवळे दाणे त्याच्या ओंजळीत ओतत होती आणि तो खात होता. हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. मी आयुष्यभर हुरडा खात आले आहे, पण असा हुरडा मी कधी खाल्ला नाही. मध्येच नरसय्या उठला आणि म्हणाला, मला रानात न्या. मालनबाईच्या नवऱ्याने त्याला हाताला धरून ज्वारीत नेलं. ज्वारीची ताटं त्याच्या खांद्यावर घासत होती. तो हात पसरून चालत होता, त्याला जिथे जिथे शोधलं तिथे तिथे.

निघताना मालनबाईने सायकलीचं मागचं हँडल धरून ठेवलं. "आता परत कवा येनार?"

याचं उत्तर माझं नव्हतं. मी मागे वळून बघितलं.

"ह्या रविवारी," नरसय्या म्हणाला. "अक्काला सवड नसली तर दुसरं कोन तरी पुढं बसंल. कन्सं ठेवा, मावशी."

अक्काला सवड नसली तर! मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही जमलं नाही, कारण सायकल सुटली असती.

समोरचा वारा तसाच होता, पण आता कोण त्याला विचारतो! विजापूर नाक्यावर मी विचारलं, "आधी भाभींकडे जायचं का? त्यांना हे सांगायला हवं."

"भाभींना मीच सांगतो. उद्या, नीट बसून," तो म्हणाला. "आधी कबरस्तानात चला."

ऊन कलतीला आलं होतं. बायका आत जात नाहीत म्हणून मी फाटकाशीच सायकल धरून उभी राहिले. तिथल्या राखणदार चाचांनी नरसय्याचा हात धरला आणि त्याला आत घेऊन गेले. लांबून मला दिसलं, तो खाली बसला आणि त्याने मातीवर दोन्ही हात ठेवले. तो काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही असं वाटलं होतं. पण जोडसायकलवर मागच्या माणसाला वाऱ्यातून पुढच्यापर्यंत पोचायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, आणि शफीभाईंशी बोलायची त्याला तेवढीच एक रीत माहीत.

"शफीभाई," तो जोरात ओरडला, "मागं ठीक हाय! तुमी जावा पुढं!"